येथे कार्बन काढून मिळेल

आमच्या घरात सध्या 'काढणे' या क्रियापदाला बंदी आहे. ही बंदी मिनाने, म्हणजे माझ्या पत्नीने घातली. मराठी मी शिकवत नाही आणि तीही शिकवत नाही, पण घरातल्या व्याकरणाचे निर्णय तिच्याकडे असतात. "कपाटातून शर्ट घ्या म्हणा, फ्रिजमधून दूध आणा म्हणा, पण काढा म्हणू नका. तुमच्या काढण्यात माझा अख्खा एप्रिल गेला," असं तिचं म्हणणं. मी सव्वीस वर्षं आखाडा बाळापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. चूक दिसली की खिशातला लाल पेन बाहेर येतो, असा माझा लौकिक आहे. पण मिनाच्या या वाक्यात मला अजून चूक सापडलेली नाही.

सुरुवात दीपापासून झाली. दीपा माझी जुनी विद्यार्थिनी, जवळच्या तांड्यावरची. बाजारात तिचं आठ बाय दहाचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींच्या स्टार्टरमध्ये आणि सोलार पंपांमध्ये जे हिरवे इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात, ते ती दुरुस्त करते. चौदा वर्षांपूर्वी बारावीच्या प्रॅक्टिकलला तिने सगळ्यात आधी जोडणी केली होती आणि तिचा दिवा सगळ्यात लख्ख लागला होता. पण वहीत आकृती काढली नव्हती. "आकृती नाही तर मार्क नाही" हे माझं तत्त्व, म्हणून मी तिचे दोन मार्क कापले. त्या दोन मार्कांनी तिचा डिप्लोमाचा नंबर हुकला, असं पुढे कोणीतरी मला सांगितलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही. मला तेच जास्त टोचतं.

तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दीपा एक फॉर्म घेऊन आली. पुण्याची एक संस्था आपल्या तीन तालुक्यांतले सोलार पंपांचे बंद पडलेले सगळे बोर्ड एकाच कारागिराकडे दुरुस्तीला देणार होती. वर्षभर पुरेल एवढं काम होतं. अट एवढीच की नवा बोर्ड बनवताना किती कार्बन हवेत जातो आणि जुना दुरुस्त करताना किती जातो, याचा अंदाज तीस एप्रिलपर्यंत कळवायचा. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला तर काम मिळणार, नाहीतर नाही.

"काम न्हाई भेटलं तर मे महिन्यात शटर बंद, सर," दीपा म्हणाली. "विकास दिवाळीपासून पुण्याकडं कंपनीत हायेत. ते म्हणून राहिलेत, आता दुकान पुरं झालं, तूबी ये. पण मला जायचं न्हाई. तिथं माझ्या हाताला काय काम हाय? माझं समदं इथं हाय, ह्या टेबलावर."

विकास म्हणजे तिचा नवरा. माणूस चांगला आहे, वादाला जागा नाही. पण दीपाचे हात मी पाहिले आहेत. तांदळाच्या दाण्याएवढा भाग चिमट्यात धरून ती जोडते, तेव्हा बघणाऱ्याला श्वास रोखून धरावा लागतो. अशा हातांनी फक्त पोळ्या लाटाव्यात हे मला पटेना. शिवाय ते दोन मार्क होतेच.

"काळजी करू नको," मी म्हणालो. "वीस बंद बोर्ड माझ्या घरी आणून टाक. आपण त्यांचा कार्बन काढू."

हे वाक्य मी ओट्यावर उभा राहून, वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो. आमच्या आणि शेजारच्या माणिकरावांच्या घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. ती शब्द अडवण्यासाठी बांधलेली नाही.

माणिकराव लगेच भिंतीवर रेलले. त्यांची शेती आहे, वेळही आहे आणि सल्ला तर बारमाही आहे. मी त्यांना समजावून सांगितलं, की बोर्डात तांबं असतं, ते खाणीतून येतं. काचेच्या धाग्याची पाटी असते, ती भट्टीत बनते. चिपा असतात, त्यांच्या कारखान्याला ढीगभर वीज लागते. मग सगळं जहाजाने, ट्रकने इथवर येतं. वाटेत जेवढा धूर निघतो, त्याची बेरीज म्हणजे त्या बोर्डाचा कार्बन. एका बोर्डामागे साधारण चार किलो धरा.

"बोर्डाचं वजन किती?" माणिकरावांनी विचारलं.

"नव्वद ग्रॅम."

"नव्वद ग्रॅमच्या वस्तूतून चार किलो निघतं?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, आमच्या म्हशीलाबी हे जमत न्हाई."

आता चिपांचं नेमकं वजन हवं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तराजू दुरुस्तीला गेलाय, कधी गेलाय हे विचारू नका. गावात मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणारा दुसरा माणूस एकच, सराफ गुलाबचंद. मी वीस बोर्डांची पिशवी घेऊन त्यांच्या पेढीवर गेलो. दीपाने दोन बोर्डांवरच्या जळलेल्या चिपा सोडवून दिल्या होत्या, त्या मी त्यांच्या लाल मखमलीवर ठेवल्या. दुकानात लग्नाच्या खरेदीला आलेली दहा-बारा माणसं होती. ती आपली खरेदी सोडून माझ्याकडे बघू लागली.

"ह्याच्यात सोनं असतंय ना, सर?" गुलाबचंदांनी भिंग लावून विचारलं.

मी शास्त्राचा माणूस, खोटं बोलवत नाही. "असतं," म्हणालो, "पण अगदी नावाला. टाचणीच्या टोकाएवढंही नाही."

गर्दीला वाक्याचा पहिला शब्द तेवढा ऐकू गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सर बोर्डातून सोनं काढून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन रेडिओ, टीव्हीचे सात रिमोट, एक बंद मिक्सर आणि कोणाचं तरी शिलाई मशीन येऊन पडलं होतं. शिलाई मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतं, पण मालकाचं म्हणणं, "बघा तर खरं, निघालं तर निघालं." मिनाने ते सगळं ज्याचं त्याला परत पोचवलं. त्यात तिचे चार दिवस आणि माझ्याबद्दलचा उरलासुरला आदर खर्च झाला.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आणखी एक मेख होती. दुरुस्तीच्या जागेला स्थानिक कचेरीचा ना-हरकत दाखला पाहिजे. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण मला तिथं पुन्हा जावं लागतं. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला.

"कार्बन म्हणजे धूरच ना, सर?"

"एका अर्थी, हो."

"मग दुकानात धूर निघत असेल तर ना-हरकत देता येत नाही."

"दुकानात धूर निघत नाही हो. तेच तर सिद्ध करायचंय."

"धूर निघतच नसेल तर कार्बनचा दाखला कशाचा देऊ?"

मी अर्जाची घडी घालू लागलो. शेवटी त्याला माझी दया आली असावी. "असं करा," तो म्हणाला, "अर्ज दोन प्रतीत आणा. झेरॉक्स चालत नाही, कार्बन लावून आणा." कार्बनच्या अर्जासाठी कार्बन पेपर शोधत मी अख्खं बाळापूर फिरलो. शेवटी नरसीच्या रस्त्यावर, नारळ-उदबत्तीच्या एका दुकानात मला एक कागद मिळाला. तो इतका जुना होता की त्याचा कार्बन बोटांना लागला, दुसऱ्या प्रतीला लागला नाही. पण दाखला मिळाला. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात 'धूर नसल्यामुळे' असं लिहिलेलं आहे.

मग मी आकडेमोडीला बसलो. क्षेत्रफळ, थर, चिपा, जहाज, ट्रक, सगळं धरून नव्या बोर्डाचे चार किलो आले. आता दुरुस्ती. दीपा एका बोर्डात साधारण दोन-तीन भाग बदलते. ते भाग दिल्लीहून कुरिअरने येतात, त्यातला एखादा हमखास चुकीचा येतो, तो परत जातो आणि पुन्हा येतो. डाग देण्याच्या कावियाची वीज, तपासणीची वीज, शेतकऱ्याची बाजाराच्या दिवशीची चक्कर, हे सगळं मिळवलं. एक किलो. पुन्हा केलं, तरी एक किलो. म्हणजे चौथा हिस्सा झाला आणि पाहिजे होता पाचव्याहून कमी.

"एखादं कुरिअर खाऊन टाका की," माणिकरावांनी भिंतीवरून सुचवलं. "पुण्याला कोण मोजाया बसलंय?"

"मी बसलोय," मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं, पण त्याने आकडा काही कमी झाला नाही. दीपाला सांगायचं कसं, या विचाराने जेवण जाईना. एकदा तिचे दोन मार्क नियमावर बोट ठेवून कापले होते, आता तिचं दुकानही नियमावर बोट ठेवूनच बंद करायची वेळ आली होती. मला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

पुण्याच्या रीता मॅडमना फोन केला. फॉर्म तपासणं त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, "सर, हा तुमचा सरसकट अंदाज झाला. ते वीस बोर्ड आहेत त्या अवस्थेत एकेक करून तपासा, प्रत्येकात नेमकं काय बिघडलंय ते लिहा आणि त्यावरून आकडा द्या." मला जरा धीर आला. मी ओट्यावरूनच मोठ्याने म्हणालो, "ठीक आहे मॅडम, वीसच्या वीस बोर्डांचा कार्बन काढायचा राहिलाय, परत आलो की काढतो." परत आलो की, कारण मला पेपर तपासायला दोन दिवस नांदेडला जायचं होतं. बोर्डांना मी एक ते वीस नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, कोणीही हात लावू नये म्हणून पिशवीला गाठ मारली आणि गेलो.

अठ्ठावीस तारखेला दुपारी परत आलो तर पिशवी दोरीवर वाळत होती. पिशवी वाळत असेल तर बोर्ड कुठे असतील, हा प्रश्न माझ्या मनात जरा उशिराच आला. गच्चीवर गेलो. वर बेचाळीस अंशांचं ऊन, खाली मिनाची जुनी साडी अंथरलेली. साडीच्या अर्ध्या भागावर कुरडया आणि उरलेल्या अर्ध्या भागावर, ओळीने, चकचकीत, एकाही बोर्डावर नंबर नाही, असे माझे वीस बोर्ड. कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी माणिकरावांच्या पत्नी शालूबाई काठी घेऊन बसलेल्या.

"या, सर," त्या समाधानाने म्हणाल्या. "समद्याचा कार्बन काढला बघा. एक ठिपका ठेवला न्हाई."

मी कुरडयांच्या बाजूला बसलो.

"काढला म्हणजे काय केलंत?"

"काहून? तुमीच म्हणत व्हता न्हाई का फोनवर, वीस बोर्डाचा कार्बन काढायचा ऱ्हायला म्हून? म्या मिनाताईला म्हणलं, सरानं पेपर तपासावं का हे घासत बसावं? लई घाण व्हती बघा. हळदीचा भुगा, मुंग्याची घरं, पालीचं काय काय. दात घासायच्या ब्रशनं दोघींनी काढलं. रिठ्याच्या पाण्यानं धुतलं आन दोन दिस वाळवलं."

"रिठ्याच्या?"

"मंग? सोनं रिठ्यानंच धुत्यात. धुण्याच्या पावडरीनं धुवू व्हय?"

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

त्यांनी पदराखालून स्टीलची ताटली पुढे केली. वीस चिठ्ठ्या, एक ते वीस, क्रमाने मांडून ठेवलेल्या. "जपून काढल्या," त्या म्हणाल्या. "एकबी फाटू दिली न्हाई."

मिना जिन्यात उभी होती. एवढे कष्ट करून नवऱ्याचं तोंड असं का झालंय, ते तिला कळत नव्हतं. मी सांगितलं की मला कार्बन मोजायचा होता, घासायचा नव्हता. तिने चिठ्ठ्यांची ताटली उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "क्षेत्रफळ काढतात तसा कार्बन काढायचा, हे आम्हाला कोणी सांगायचं? आम्ही मळ काढतो तसा काढला." याच क्षणी ती सुरुवातीला सांगितलेली बंदी लागू झाली.

आता आहे त्या अवस्थेत तपासणार काय? अवस्थाच उरली नव्हती. मी दीपाला फोन केला. शरमेने माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बोर्ड धुतले गेले." ती पंधरा मिनिटांत तपासणीची पेटी घेऊन आली. गच्चीवर बसली. एकेक बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वास घेतला. मला वाटलं आता ही रडेल. तिने पहिला बोर्ड पेटीला जोडला आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

दीपाने माझ्याकडे पाहिलं. मी कुरडयांकडे पाहिलं. तिने दुसरा जोडला, तो लागला नाही. तिसरा लागला. चौथा लागला. शालूबाई प्रत्येक दिव्याला काठी आपटत होत्या. वीसपैकी अकरा बोर्ड चालू निघाले, एकही भाग न बदलता, कावियाचा एकही टाका न घालता. नुसत्या धुण्याने.

"हळदीचा भुगा, सर," दीपा म्हणाली. "कुरुंद्याकडचे, हळदीच्या शेतातले हायेत हे. भुगा बसतो, त्याला ओल धरली की भलतीकडंच करंट जातो. मी कोरडा ब्रश मारत व्हते, पण धुवायची हिंमत न्हाई झाली. वस्तू लोकाची. वाटायचं, भाग बदललेला बरा."

"लोकाची काय न् आपली काय," शालूबाई म्हणाल्या, "घाण ती घाण."

मी धावत खाली जाऊन कागद घेतला. नऊ बोर्डांना जुना हिशेब, अकरांना नवा. त्यात कुरिअर नाही, काविया नाही. होतं काय, तर शेतकऱ्याची चक्कर, तपासणीची जराशी वीज आणि रिठे. रिठे शालूबाईंच्या माहेरच्या झाडाचे, वाळवण्याचं ऊन आमच्या गच्चीवरचं. सरासरी आली. मी ती तीनदा ताडून पाहिली, कारण आनंदात माझ्या बेरजा चुकतात. नव्या बोर्डाच्या सहाव्या हिश्शाच्या आत! माणिकरावांना मी भिंतीवरून ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "आन सोनं?"

रीता मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं, आमच्या चुकीसकट. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "झालंय तसं लिहा, सर. फक्त एक सांगा, रसायनाच्या रकान्यात तुम्ही रिठे लिहिणार म्हणता, ते कुठल्या कंपनीचे?"

तीस तारखेला दुपारी दीपा आणि मी आमच्या टेबलावर फॉर्म भरत बसलो. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'दुरुस्तीच्या पद्धतीची आकृती जोडावी.' दीपाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "या वेळी काढते."

तिने काढली. शेत, दुकान, रिठ्याचं भांडं, सूर्य, तपासणीची पेटी, परत शेत. बाणांनी जोडलेलं, प्रत्येक बाणाशेजारी त्याचा कार्बन. रेषा अशा की पट्टी लावली असेल असं वाटावं, आणि पट्टी लावली नव्हती. कोपऱ्यात तिने काठी घेऊन बसलेल्या शालूबाईही काढल्या होत्या. माझे डोळे भरून आले. डोळे भरून आले की काही दिसत नाही आणि दिसत नसलं की हात आपल्या सवयीने चालतो. लाल पेन कधी बाहेर आला ते मला कळलं नाही. मी आकृतीखाली मोठी बरोबरची खूण केली, दोन छेद दोन लिहिलं आणि सही ठोकली.

"सर!" दीपा ओरडली. "ही खरी प्रत हाय!"

पाच वाजता मुदत संपत होती आणि साडेचार झाले होते. दुसरी आकृती काढायला वेळ नव्हता. लाल शाईसकट तेच पान स्कॅन होऊन पुण्याला गेलं. सरकारमान्य शिक्षकाने असा पोरकटपणा करावा याची मला रात्रंदिवस लाज वाटत राहिली.

पुढचे बारा दिवस उत्तर नाही. विकासचा रोज फोन येत होता, तिकिटाची तारीख विचारायला. दीपाने तारीख सांगितली नाही. उलट पेंटर बोलावला आणि दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली: 'येथे कार्बन काढून मिळेल'. मी ती पाटी बघितली आणि माझा हात खिशाकडे गेला.

"दीपा, हे चुकीचं आहे. 'स्वच्छ करून मिळेल' लिही, नाहीतर 'मोजून मिळेल' लिही."

"मी तर दोन्ही करते, सर," ती म्हणाली. "मंग 'काढून'च बराबर न्हाई का?"

पाटीखाली कुरुंद्याचे तिघे जण बोर्ड घेऊन रांगेत उभे होते. शेजारी शालूबाई खुर्ची टाकून रिठे फोडत बसल्या होत्या. मी पेन खिशातच राहू दिला.

तेराव्या दिवशी मी त्याच दुकानात बसलो असताना रीता मॅडमचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर टाकला. काम मंजूर झालं होतं. तीन तालुके, पूर्ण वर्ष, पहिले साठ बोर्ड सोमवारी निघणार. दीपाने काविया स्टँडवर ठेवला आणि दोन्ही तळहात टेबलावर टेकवून नुसती उभी राहिली.

"फक्त एक शंका आहे, सर," रीता मॅडम म्हणाल्या. "आमच्या तपासनिसांना सगळे आकडे जुळले. पण आकृतीखाली लाल शाईत दोन छेद दोन लिहिलंय, ते कुठेच बसत नाही. हे कशाचं माप आहे?"

मी दीपाकडे पाहिलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"ते इथलंच आहे, मॅडम," मी म्हणालो. "चौदा वर्षांपूर्वी मोजताना माझी चूक झाली होती. आता बरोबर आहे. तेवढं खोडू नका."